दाढ सासरी दुखली, माहेरी निघाली

एखाद्याने वेड्यासारखे काही केले, की 'याला अजून अक्कलदाढ आलेली दिसत नाही' असे आपण सहज म्हणून जातो. मला ती आली होती, पण अर्धीच. उरलेली अर्धी हिरडीखाली आडवी पडून होती. पुढे तीही काढून टाकावी लागली आणि खरी अक्कल आली ती त्यानंतर. त्या दाढेची ही हकिगत.

आमचे घर साताऱ्यात, शाहूपुरीच्या बाजूला. माझे माहेर सांगलीच्या गावभागातले. मधे उंब्रज, कराड, पेठनाका, आष्टा असा सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. मी बँकेत नोकरी करते. २०१८ सालच्या गणपतीत उजवीकडची खालची शेवटची दाढ पहिल्यांदा ठणकली तेव्हा मी चाळीस वर्षांची होते. मोदकाचा घास घेतला आणि कानापर्यंत कळ गेली. सासूबाईंनी लगेच लवंग दाढेखाली धरायला दिली. लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचे द्रव्य असते, ते तेवढ्यापुरते बधिर करते, त्यामुळे बरे वाटले. दुसऱ्या दिवशी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, तिसऱ्या दिवशी पोवई नाक्यावरून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. पाचव्या दिवशी दाढ गप्प झाली आणि मीही ती विसरले.

दर दोन-तीन महिन्यांनी ती पुन्हा आठवण करून द्यायची. मी पुन्हा लवंग, पुन्हा गोळ्या. "डॉक्टरला दाखव," असे हे दर वेळी म्हणायचे आणि मी दर वेळी "मार्च एंडिंग होऊ दे" म्हणायची. मार्च एंडिंग वर्षातून एकदाच असते हे त्यांनाही ठाऊक होते.

आजोबांची दाढ

खरे कारण भीतीचे होते. आमच्या आजोबांची दाढ त्यांच्या तरुणपणी एका जत्रेत उपटली गेली होती. एकाने मागून डोके धरले, दुसऱ्याने पकड घातली. बधिर करणे वगैरे काही नाही. दाढेचा वरचा भाग तुटून हातात आला, मुळे तशीच आत राहिली, आणि आजोबा महिनाभर गाल बांधून बसले. ही गोष्ट आमच्या घरी इतक्या रंगवून सांगितली जायची, की ती पकड आम्हा भावंडांना डोळ्यांपुढे दिसायची.

त्याच जत्रेत दाढेतले 'किडे' काढणारेही असत. काटेरिंगणीच्या बियांची धुरी द्यायची आणि मग तोंडातून पांढरे किडे पडलेले दाखवायचे. दाढेत किडा नसतो. साखरेवर जगणारे जंतू आम्ल तयार करतात आणि त्याने दात पोखरला जातो. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने किड्याची कल्पना १७२८ सालच्या आपल्या ग्रंथातच बाजूला सारली होती. आपल्या बोलण्यात मात्र दात अजूनही 'किडतो'च.

पुरातली डबी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. गावभागात पाणी शिरले आणि दादाने आईला, वहिनीला आणि मुलांना विश्रामबागेत मित्राच्या घरी हलवले. रस्ते बंद. मी साताऱ्यात फोन धरून बसलेली, आणि नेमकी त्याच आठवड्यात दाढ पुन्हा सुजली. त्या घालमेलीत मी दाढेकडे पाहिलेही नाही. फोन लागला तेव्हा आईला विचारले, "काय काय घेऊन निघालीस?"

"देवाचं टाक घेतलं, घराची कागदं घेतली, आन् माझी डबी घेतली."

डबी म्हणजे मिश्रीची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, तिची पूड करायची, आणि ती बोटाने दातांना, हिरड्यांना चोळत बसायचे, ही मिश्री. आमच्या भागात कितीतरी बायका ती लावतात. तिला व्यसन कुणी म्हणत नाही, 'दात घासणे' म्हणतात. आई तासगावकडच्या खेड्यातून लग्न होऊन सांगलीत आली तेव्हा पहिल्या बाळंतपणात दात दुखले म्हणून सासूने तिला मिश्री दिली. तेव्हापासून पहाटे एकदा, जेवणानंतर एकदा आणि दुपारी शेजारणी जमल्या की एकदा. मी तिच्याशी यावरून कॉलेजात असल्यापासून भांडत आले. "तू तुझी बँक सांभाळ," असे म्हणून ती डबीचे झाकण लावायची.

तोंड उघडेना

डिसेंबरात मात्र दाढेने हिसका दाखवला. एका सकाळी उठले तर तोंड उघडेना. दोन दातांच्या मधे एक बोटही जाईना. दातखीळ बसणे हा वाक्प्रचार मी आजवर बोलण्यात वापरला होता, त्या दिवशी अनुभवला. ताप होता, घास गिळताना घसा दुखत होता आणि जबड्याखाली गाठ आली होती. तशीच बँकेत गेले. एका आजोबांनी पासबुक पुढे केले, मी दात आवळूनच काहीतरी बोलले. ते म्हणाले, "बाई, रागावता कशाला? उद्या येतो."

संध्याकाळी साताऱ्यातल्याच दंतवैद्याकडे गेले. त्यांनी आधी रागावून घेतले. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीची एक झडप राहते. तिच्याखाली अन्नाचे कण आणि जंतू साचतात, ब्रश तिथे पोचत नाही. मग ती जागा पुन्हापुन्हा सुजते. सूज चावण्याच्या स्नायूंपर्यंत गेली की तोंड उघडत नाही आणि तिथून ती गळ्याकडे उतरली तर श्वासाला धोका असतो. "गोळ्यांनी तुम्ही दुखणं झाकलं, बरं केलं नाही," ते म्हणाले. त्यांनी प्रतिजैविके सुरू केली आणि सांगितले, की दाढ तिरकी आहे, मुळे खोल आहेत, हे काम जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडे करून घ्या. पुण्याला जा किंवा सांगलीला जा.

सांगली म्हटल्यावर निम्मी भीती कमी झाली. सांगली-मिरजेला दवाखान्यांची परंपरा जुनी. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले तेव्हापासून लांबलांबचे रोगी तिकडे येतात. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे आई होती. चाळिशी उलटली तरी दुखणे माहेरीच काढावेसे वाटते, हे बायकांना सांगायला नको.

दाढेला जागा का नसते?

जानेवारी २०२० मध्ये रजा टाकून एसटीने सांगली गाठली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी आधी संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढायला लावला. यंत्रापुढे उभे राहायचे, एक छोटी पट्टी पुढच्या दातांनी धरायची, हलायचे नाही. यंत्र डोक्याभोवती फेरी मारते आणि काही सेकंदांत बत्तीसच्या बत्तीस दात एका पट्टीवर दिसतात. माझी दाढ शेजारच्या दाढेला धक्का देत, गर्दीच्या एसटीत कोपर लावून बसलेल्या प्रवाशासारखी तिरकी झाली होती.

त्यांनी फार छान समजावून सांगितले. अक्कलदाढा साधारण सतरा ते पंचवीस या वयात येतात. बाकीचे सगळे दात आधी येऊन आपापली जागा धरतात, त्यामुळे शेवटच्याला उरेल ती जागा. माणसाचे पूर्वज कच्चे, चिवट अन्न चावत होते आणि त्यांचे जबडे मोठे होते. आपण शिजवून मऊ केलेले खातो, जबडे लहान झाले, दाढा मात्र राहिल्या. काही जणांना अक्कलदाढा मुळातच नसतात. म्हणजे त्यांना अक्कल नसते असे नाही, एवढे त्यांनी मुद्दाम सांगितले.

हे दुखणे काही नवे नाही. सुश्रुतसंहितेत 'अधिमांसक' नावाचा विकार सांगितला आहे. शेवटच्या दाढेपाशी मोठी सूज, तीव्र वेदना आणि लाळ गळणे ही त्याची लक्षणे. ते वाढलेले मांस कापून काढावे आणि त्यावर मधातून औषधी चूर्ण लावावे, असा उपचारही तिथे आहे. माझे डिसेंबरातले दुखणे याहून वेगळे नव्हते.

प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते का, हे मी विचारले. तर तसे नाही. सरळ आलेली, घासता येणारी, त्रास न देणारी दाढ सुखाने राहू द्यावी. कुरकुर नसलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत, अशी शिफारस ब्रिटनमध्ये २००० सालीच झाली आहे. पण वारंवार सूज येत असेल, शेजारचा दात पोखरला जात असेल किंवा दाढेभोवती गाठ होत असेल, तर वाट पाहण्यात अर्थ नसतो.

मग त्यांनी धोकेही सांगितले. खालच्या दाढेच्या मुळांजवळून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ काही काळ बधिर राहू शकतो, क्वचित कायमचाही. रक्तदाब, साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधांची अॅलर्जी, सगळे विचारून त्यांनी लिहून घेतले आणि मगच माझी सही घेतली.

चाळीस मिनिटे

खुर्चीत बसले तेव्हा हात गार पडले होते. जत्रेतली पकड डोळ्यांपुढे होतीच. इंजेक्शनची सुई टोचली, थोडे दुखले. पाच-दहा मिनिटांत अर्धी जीभ आणि अर्धा ओठ आपले नाहीतच असे वाटू लागले. या औषधाचे नाव लिग्नोकेन. स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी ते १९४३ मध्ये तयार केले. वेदनेविना शस्त्रक्रिया करण्याच्या खटपटीत दंतवैद्यच आघाडीवर होते. अमेरिकेतल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने १८४४ मध्ये हसवणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. दोन वर्षांनी, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने बोस्टनमध्ये ईथर देऊन वेदनारहित शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक करवले. आजोबा जत्रेत बसले तेव्हा या गोष्टीला शंभरावर वर्षे उलटून गेली होती. औषध होते, पण ते त्या जत्रेपर्यंत पोचले नव्हते.

हिरडीला छेद दिला, थोडे हाड कोरले, दाढेचे दोन तुकडे केले आणि एकेक करून ते बाहेर काढले. मला दाब जाणवत होता, यंत्राचा आवाज ऐकू येत होता, दुखत मात्र नव्हते. चाळीस मिनिटांत तीन टाके घालून झालेसुद्धा. कापसाची घडी दाढेच्या जागी ठेवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तासभर घट्ट चावून धरायचं. बोलायचं नाही."

मी गप्प, आई बोलती

आई दाराशी स्टुलावर बसली होती. माझी दाढ बघायला ती पुढे आली आणि "एवढीशी हाय की गं!" म्हणून हसली. हसली तेव्हा तिचे काळपट दात दिसले. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे बदलले.

"आजी, मिश्री लावता?"

"दात घासायला लागतंय की."

"किती वर्षं झाली?"

आईने माझ्याकडे बोट दाखवले. "हिच्या थोरल्या भावाच्या टायमापास्नं. पंचेचाळीस झाली असतील."

"बसा बघू इथं. मी तोंड बघते. पैसे न्हाईत घेत."

मी तोंडात घडी धरून बसलेली. इतकी वर्षे मी जे बोलत आले ते सगळे ओठांवर आले होते आणि एक शब्द काढता येत नव्हता. आता वाटते, ते बरेच झाले. मी बोलले असते तर आई नेहमीसारखी चिडली असती आणि डबी घेऊन बाहेर गेली असती. मी गप्प होते म्हणून ती खुर्चीत बसली.

खालचा ओठ ओढून डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पाहिले. मग दिवा जवळ घेऊन पुन्हा पाहिले. आई ज्या बाजूला मिश्रीचे बोट रोज टेकवायची, तिथे हिरडी आणि ओठाच्या मधल्या जागेत एक पांढरा चट्टा होता. पुसून जात नव्हता.

"हे दुखतं का, आजी?"

"न्हाई. कधी तिखट लागलं तर चरचरतंय."

"किती दिवस?"

आईने खाली पाहिले. "झालं असंल वरीसभर."

वर्षभर! मी सव्वा वर्ष दाढ झाकली, तिने वर्षभर चट्टा झाकला. कुणाची लेक कोण ते त्या दिवशी सिद्ध झाले.

डॉक्टरीणबाईंनी घाबरवले नाही, पण लपवलेही नाही. अशा चट्ट्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. तो म्हणजे कर्करोग नव्हे, पण त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग होऊ शकतो. कोणत्या चट्ट्याचे काय होणार हे नुसते बघून कळत नाही, म्हणून बारीक तुकडा काढून तपासावा लागतो. आईने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी तुकडा तपासायला गेला.

आठवडा

माझ्यासाठी सूचनांचा कागद होता. चोवीस तास थुंकायचे नाही, चूळ भरायची नाही, नळीने काही ओढून प्यायचे नाही. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची जी गुठळी होते तिच्याखालीच जखम भरते. ती निघून गेली तर हाड उघडे पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी असह्य ठणका लागतो. तंबाखूने हा धोका वाढतो. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याने हळूच चुळा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, तिला भ्यायचे नाही.

सांगलीत येऊन भडंग खायचे नाही, ही शिक्षा दाढेपेक्षा कठीण. आई गार करून मऊ खिचडी द्यायची, दहीभात द्यायची, रव्याची पातळ खीर द्यायची. तिच्या ओठालाही टाका होता. मायलेकी दोघी समोरासमोर बसून चमच्याने जेवायचो. घरात एरवी मिश्रीचा करपट वास असायचा, तो नव्हता, कारण टाका निघेपर्यंत मिश्री बंद ही अट होती. तिसऱ्या दिवशी तिचे डोके दुखू लागले, चिडचिड झाली. वहिनीने भांडे आपटले म्हणून रडलीसुद्धा. एका रात्री मी उठले तर ती स्वयंपाकघरात अंधारात बसलेली. हातात डबी होती. झाकण लावलेले होते.

"उघडली न्हाई," ती म्हणाली. "नुसती धरलीया."

मी शेजारी बसले. आजवर तिला किती ऐकवले होते! त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आले, की ही सवय नव्हे, ही ओढ आहे, आणि जी ओढ पूर आला तरी डबी विसरू देत नाही ती लेकीच्या ओरडण्याने कशी सुटणार? मी एवढेच विचारले, "आई, दूध गरम करू?"

सातव्या दिवशी माझे टाके निघाले. दोन दिवसांनी आईचा अहवाल आला. कर्करोग नव्हता. पेशींमध्ये सौम्य बदल होते. मिश्री कायमची बंद केली आणि दर तीन महिन्यांनी तोंड दाखवले तर इथेच थांबण्याची चांगली शक्यता आहे, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईने एकच प्रश्न विचारला, "आन् वरीसभर आनखी तशीच लावली असती तर?" त्यांनी उत्तर दिले नाही, नुसता तिच्या हातावर हात ठेवला.

त्यानंतर

दोन महिन्यांनी, २०२० च्या मार्चअखेर, टाळेबंदी आली. दातांचे बहुतेक दवाखाने तातडीच्या कामांखेरीज बंद होते. मी पुन्हा एकदा 'मार्च एंडिंग होऊ दे' म्हटले असते तर? तो विचार नको वाटतो. आईची तीन महिन्यांची तपासणी त्या धांदलीत हुकली. पण दादाने मोबाइलच्या उजेडात ओठाचा फोटो काढून डॉक्टरीणबाईंना पाठवला. चट्टा फिकट झाला होता. दिवाळीपर्यंत दिसेनासा झाला. तरी तपासणी चुकवायची नाही असे त्यांनी बजावले आहे आणि आई आजही न चुकता जाते. मधे दोनदा तिने मिश्री लावली, तेही तिने स्वतःच त्यांना सांगितले. मला मात्र नंतर कळले.

तुमच्याही घरात कुणी आजी, काकी, मावशी मिश्री लावत असेल, कुणी गालात तंबाखू धरत असेल, तर आरडाओरडा करू नका. तोंड बघा. दोन आठवड्यांत न भरणारे व्रण, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, यातले काही दिसले तर डॉक्टरकडे न्या. दुखत नाही म्हणून थांबू नका. माझी दाढ दुखली म्हणून मी गेले तरी. आईचा चट्टा दुखतच नव्हता.

माझ्या खालच्या ओठाला काही झाले नाही. वरच्या दोन्ही अक्कलदाढा सरळ आहेत, त्यांना हात लावलेला नाही. गेल्या महिन्यात सांगलीला गेले होते. जेवण झाल्यावर आईने कनवटीची डबी काढली. माझ्या काळजात धस्स झाले. तिने झाकण उघडून डबी माझ्यापुढे धरली. आत बडीशेप होती, आणि चार लवंगा.

"तुझ्या दाढंला," ती म्हणाली. "पुन्यांदा दुखली तर."

"आता लवंग नाही, आई. सरळ डॉक्टर."

"तेच म्हनत हुते मी," आई म्हणाली आणि बडीशेपेची चिमूट तोंडात टाकली.